श्रद्धा, संशय आणि नर्मदाकाठ

१

'ईश्वर आहे काय?' हा प्रश्न तत्त्वज्ञाचा आहे. 'अमुक एका माणसाला ईश्वर आहे असे, किंवा नाही असे, का वाटले?' हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाचा आहे. आपल्याकडील वादांत या दोन प्रश्नांची नेहमीच सरमिसळ होत आली आहे. नास्तिकाविषयी बोलताना आस्तिक म्हणतो, की हा इंग्रजी शिक्षणाचा किंवा अहंकाराचा परिणाम आहे. आस्तिकाविषयी बोलताना नास्तिक म्हणतो, की हे भयाचे अथवा अज्ञानाचे फळ आहे. आपल्या मताला आपण प्रमाणे देतो आणि दुसऱ्याच्या मताची कारणे शोधतो. दोघांनाही एकच माप लावून पाहण्याचा प्रयत्न क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात तो करावयाचा आहे.

प्रारंभी शब्दांविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. आज आपण 'आस्तिक' म्हणजे ईश्वर मानणारा आणि 'नास्तिक' म्हणजे तो न मानणारा असे समजतो. परंतु पाणिनीने हे शब्द 'आहे' आणि 'नाही' अशी मती असलेल्यांसाठी सिद्ध केले, आणि ते 'आहे-नाही' परलोकाविषयीचे आहे, असे टीकाकारांनी स्पष्ट केले. मनुस्मृतीने वेदांची निंदा करणाऱ्यास नास्तिक ठरविले. या व्याख्येमुळे जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे सांख्य आणि मीमांसक आस्तिकांच्या पंक्तीत बसले. आणि व्रतस्थ, तपस्वी जैन-बौद्ध मात्र नास्तिकांत गणले गेले. म्हणजे आपल्या परंपरेत हा भेद मूलतः निष्ठा कोणत्या ग्रंथाशी आणि कोणत्या समाजाशी आहे, याचा होता. ही गोष्ट पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

या प्रश्नाच्या अभ्यासासाठी मी नर्मदेच्या काठचा आणि त्याच्या दक्षिणेकडील प्रदेश निवडला आहे. जबलपूर १७८१ मध्ये सागरच्या मराठी पंडितांच्या ताब्यात गेले, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे आले आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतले. पुढे हा मुलूख नागपूरसह मध्य प्रांतात राहिला. १९०३ मध्ये वऱ्हाड त्याला जोडले गेले. जबलपूर आणि नागपूर यांचे राज्य १९५६ च्या ३१ ऑक्टोबरपर्यंत एकच होते. त्यामुळे या टापूतील मराठी माणसाच्या श्रद्धेचा इतिहास पुण्या-मुंबईच्या इतिहासाहून वेगळ्या वाटेने, पण त्याच्याशी सांधा राखून चालला आहे.

हा प्रदेश एकाच श्रद्धेचा कधीच नव्हता. जबलपूरपासून जवळ असलेले तेवर म्हणजे कलचुरींची त्रिपुरी. भेडाघाटच्या टेकडीवर चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार मंदिर आहे. तेवरच्या परिसरात शैव मूर्तींबरोबर जैन आणि बौद्ध मूर्तीही मिळाल्या आहेत. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी १९५५ मध्ये कलचुरींचे कोरीव लेख संपादित करून प्रसिद्ध केले, तेव्हा शैव आचार्यांना मठ आणि गावे देणाऱ्या राजांचे एक जग अभ्यासकांपुढे आले. त्या राजांची श्रद्धा खरी नव्हती असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु राजाश्रय गेल्यावर मठही ओस पडले, ही वस्तुस्थितीही नजरेआड करता येत नाही. तत्त्वज्ञान टिकण्यासाठी केवळ युक्तिवाद पुरत नाही. त्याला अन्न, छप्पर आणि शिष्य लागतात.

२

१८२९ च्या नोव्हेंबरात नर्मदाकाठच्या गोपाळपूर येथे घडलेली एक घटना या प्रश्नाच्या गाभ्याशी नेते. जबलपूर जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८२८ च्या मार्चमध्ये सती जाण्यास साहाय्य करण्यावर आपल्या जिल्ह्यापुरती बंदी घातली होती. २४ नोव्हेंबर १८२९ रोजी उम्मेदसिंह उपाध्याय हे प्रतिष्ठित ब्राह्मण गृहस्थ वारले. त्यांची सुमारे पासष्ट वर्षांची विधवा सती जाण्यास निघाली. स्लीमनने नकार दिला, पहारे बसविले, कुटुंबाला धाक घातला. ती नदीच्या पात्रातील खडकावर अन्न सोडून बसून राहिली. तिने डोक्याला लाल वस्त्र गुंडाळले आणि बांगड्या फोडल्या. या कृतीनंतर ती समाजाच्या लेखी मृत झाली होती. तिला घरात परतण्याची वाट उरली नव्हती. २८ तारखेस, शनिवारी, स्लीमन स्वतः तिच्याकडे गेला. पतीचे नाव जन्मात कधी न उच्चारलेल्या त्या स्त्रीने त्याच्यासमोर ते उच्चारले. आपला आत्मा पाच दिवसांपासून सूर्याजवळ पतीच्या आत्म्यापाशी आहे, येथे उरली आहे ती केवळ माती, असे तिने त्याला सांगितले. घरातील दुसऱ्या कोणी हे करू नये अशी हमी कुटुंबाकडून घेऊन स्लीमनने अखेर अनुमती दिली. त्यानंतर सहाच दिवसांनी, ४ डिसेंबर १८२९ रोजी, बेंटिंकचा सतीबंदीचा कायदा झाला.

ही हकीकत आपल्याला केवळ स्लीमनच्या १८४४ च्या प्रवासग्रंथातून मिळते. त्या स्त्रीचे नावही तो देत नाही. तिचे बोलणे त्याच्या लेखणीतून, त्याच्या भाषेतून आले आहे, याचे भान ठेवूनच ती वाचली पाहिजे. तरीही एक गोष्ट स्पष्ट दिसते. तिला ही श्रद्धा कोणी प्रमाणांनी पटवून दिली नव्हती. ती तिच्या घरात, लग्नविधीत, बांगड्यांत, पतीचे नाव न घेण्याच्या नियमात आधीच होती. श्रद्धा येथे मत नसून जगण्याची एकूण रचनाच होती. त्या रचनेबाहेर विधवेसाठी काय शिल्लक होते, हे ज्याने एकोणिसाव्या शतकातील विधवांची स्थिती वाचली आहे त्याला सांगावयास नको. स्लीमनने तिला निवाऱ्याचे आणि निर्वाहाचे आश्वासन दिले होते. पण मानाने जगण्याचे आश्वासन तो देऊ शकत नव्हता. ते देणे समाजाच्या हाती होते आणि समाजाने ते दिले नाही.

म्हणून 'तिची श्रद्धा होती' एवढे म्हणून थांबणे हा इतिहासलेखनातील आळस आहे. आणि 'तिच्यावर सक्ती होती' एवढे म्हणून थांबणे हाही. ज्या श्रद्धेपासून दूर जाण्याची वाटच ठेवलेली नाही, तिला आपण व्यक्तीची निवड म्हणावे काय? मला वाटते, नाही. मात्र त्या स्त्रीच्या मनातील निश्चय खोटा होता असे म्हणण्याचाही अधिकार आपल्याला पोचत नाही.

३

त्याच जबलपुरात पुढील काही वर्षांत स्लीमनने ठगांच्या जबान्या घेतल्या. १८३६ मध्ये कलकत्त्यास छापलेल्या त्याच्या ठगी भाषेवरील ग्रंथात माफीच्या साक्षीदारांशी झालेले संवाद आहेत. ते श्रद्धेच्या अभ्यासकाने अवश्य वाचावेत असे आहेत. आजचे इतिहासकार ठगी हा भवानीचा कोणी गुप्त संप्रदाय होता हे स्लीमनचे चित्र जसेच्या तसे स्वीकारत नाहीत. उद्ध्वस्त सैन्यांतून सुटलेले शिपाई, दुष्काळ, जमीनदारांचा आश्रय, ही कारणे ते पुढे आणतात. आणि ते योग्यच आहे. परंतु शकुनांविषयी ठगांनी जे सांगितले, त्याचा तपशील इतका बारीक आहे, की ते सारे साहेबाला खूष करण्यासाठी रचलेले असावे असे वाटत नाही.

डावीकडून आलेला शकुन 'पिल्हाऊ', उजवीकडचा 'थिबाऊ'. मोहिमेला निघताना आधी डावा आणि मग उजवा शकुन मिळाला पाहिजे; मुक्कामाच्या वेळी क्रम उलटा. गाढवाचे ओरडणे शेकडो पक्ष्यांच्या शकुनांहून भारी. थडगी खणावयाच्या कुदळीचे पूजन, नंतर गुळाचा प्रसाद. तो गूळ ज्याने एकदा खाल्ला त्याचा स्वभावच पालटतो, त्याला मग दुसरा कोणताही धंदा गोड लागत नाही, अशी फिरंगिया नावाच्या प्रसिद्ध साक्षीदाराची समजूत होती. यांत हिंदू होते तसेच मुसलमानही होते. देवीला मानणे आपल्या धर्मात कसे बसते, असे विचारता काहींनी भवानी आणि फातिमा एकच, अशी संगती लावून दाखविली.

मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्की याने १९२५ मधील आपल्या निबंधात ट्रोब्रियांड बेटांवरील कोळ्यांचे उदाहरण दिले आहे. शांत खाजणात मासे मारताना ते मंत्रतंत्र करीत नाहीत. खुल्या समुद्रावर जाताना करतात. जेथे कौशल्य पुरते तेथे कौशल्य, जेथे ते अपुरे पडते तेथे मंत्र. त्याच्या फार पूर्वी, १७५७ मध्ये, डेव्हिड ह्यूम याने धर्माच्या उगमाचे विवेचन करताना आशा आणि भय यांचा निर्देश केला होता. ठगाचा धंदा अनिश्चिततेचा कळस होता. वाटेत कोण भेटेल, त्याच्याजवळ किती असेल, मागून कोणी येईल काय, यांतले काहीच हाती नव्हते. म्हणून शकुन. परंतु हे स्पष्टीकरण ठगांपुरते ठेवणे सोयीचे असले तरी प्रामाणिक नव्हे. पावसाकडे पाहणारा शेतकरी, परीक्षेला निघालेला विद्यार्थी आणि शस्त्रक्रियेच्या दाराबाहेर बसलेला आप्त यांनाही ते तितकेच लागू पडते.

या जबान्यांतील अधिक विचार करण्याजोगी गोष्ट दुसरीच आहे. शेकडो ठग पकडले गेले, फासावर गेले, काळ्या पाण्यावर गेले. देवी आपले रक्षण करते हा विश्वास यामुळे कोसळावयास हवा होता. तो कोसळला नाही. आपण स्त्रियांना मारले, वर्ज्य जातींच्या लोकांना मारले, शकुन डावलले, म्हणून देवी कोपली, असे त्यांनी उत्तर दिले. आणि कंपनीचा 'इक्बाल' मोठा, अशी पुस्ती जोडली. विरुद्ध पुराव्याने श्रद्धा मोडतेच असे नाही. पुष्कळदा ती त्या पुराव्यालाच आपल्या पोटात घेते. राजकीय पक्ष, अर्थशास्त्रातील पंथ आणि साहित्यातील संप्रदाय यांच्या अनुयायांतही हा गुण आढळतो, हे टीकाकार म्हणून मला नमूद केले पाहिजे.

स्वतः स्लीमनविषयी एक कथा जबलपूरच्या उत्तरेस, त्याच्याच नावाने वसलेल्या स्लीमनाबादेत सांगतात. अपत्य नव्हते म्हणून या ठगांच्या काळाने तेथील देवळाला दिव्यासाठी दान दिले, आणि पुढे त्याला मुलगा झाला. दिवा अजून लावला जातो, असेही सांगतात. याच माणसाला १८२८ मध्ये जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवर प्रचंड प्राण्यांची अश्मीभूत हाडे सापडली होती. पृथ्वीचे वय ग्रंथांतील कालगणनेत मावत नाही हे सांगणारी ती हाडे. आणि देवळातील तो दिवा. कथा खरी असो वा नसो, गावाला ती सांगावीशी वाटली, यातही अर्थ आहे.

४

आतापर्यंतची उदाहरणे पाहून वाचकाचा असा ग्रह होईल, की श्रद्धेत बुद्धीला काही स्थानच नाही. तसे नाही. भोपाळजवळच्या सिहोर येथे कंपनीचा अधिकारी लान्सलॉट विल्किन्सन याच्या सहवासात सुबाजी बापू नावाचे एक मराठी पंडित होते. पुराणांतील भूगोलात पृथ्वी सपाट, मध्ये मेरू, भोवती द्वीपे आणि दुधा-दह्याचे समुद्र. भास्कराचार्यांच्या सिद्धांतात मात्र पृथ्वी गोल. विल्किन्सनचे धोरण असे, की कोपर्निकसकडे नेणारी वाट आपल्याच ज्योतिषग्रंथांतून काढावी. सुबाजी बापूंना ते पटले आणि १८३६ मध्ये त्यांनी मराठीत 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' लिहिला. पुराणांचे प्रामाण्य भूगोलाच्या बाबतीत नाकारणारा हा ग्रंथ एका शास्त्रीबुवांचा आहे, हे लक्षात घेतले पाहिजे.

पुढे जॉन म्यूर याने संस्कृतात 'मतपरीक्षा' लिहून ख्रिस्ती धर्माचे श्रेष्ठत्व प्रतिपादले, तेव्हा १८३९ मध्ये 'सोमनाथ' या नावाने तिला उत्तर देणारा संस्कृत ग्रंथ निघाला. तोही सुबाजी बापूंचाच, असे अभ्यासक मानतात. वेगवेगळ्या अधिकाराच्या माणसांसाठी वेगवेगळे मार्ग ईश्वरानेच ठेवले आहेत, तेव्हा ज्याने त्याने आपला सोडू नये, असा त्याचा आशय आहे. म्हणजे मेरू पर्वत गेला, दुधाचा समुद्र गेला, धर्म राहिला. विज्ञानाने धर्म संपेल असे मानणाऱ्यांनी, आणि विज्ञानाला दार उघडले तर धर्म बुडेल असे मानणाऱ्यांनीही, सिहोरचा हा पंडित विसरू नये. वाड्याची एक भिंत उतरवून नवी बांधता येते. वाडा उभाच असतो.

याच वादात काशीच्या एका तरुण शास्त्र्याने भाग घेतला, आणि त्याच्या बाबतीत मात्र वाडाच गेला. नीळकंठशास्त्री गोरे हे १८२५ मध्ये बुंदेलखंडात झाशीजवळ जन्मलेले कोकणस्थ. घराणे बांद्याच्या नवाबाच्या पदरी होते. म्यूरला उत्तर म्हणून त्यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' रचला तेव्हा ते विशीच्या आसपास होते. पादरी स्मिथ याला वादात जिंकावयाचे म्हणून ते त्याच्याकडे जाऊ लागले, जिंकण्यासाठी बायबल वाचू लागले, आणि १८४८ मध्ये जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या झाले. १८६० मध्ये त्यांनी षड्दर्शनांचे खंडन करणारा ग्रंथ हिंदीत लिहिला. पंडिता रमाबाईंच्या १८८३ मधील धर्मांतरामागे त्यांच्या विवेचनाचा वाटा होता.

गोऱ्यांना ना पदाचा लोभ होता, ना दारिद्र्याची गांजणूक. घर दुखावले, जात गेली, मिळाले ते दारिद्र्यच. तेव्हा हा माणूस केवळ विचाराच्या मागे गेला, असे म्हणावे लागते. परंतु त्यांच्या चरित्राचा उत्तरार्ध वाचताना मन विषण्ण होते. संशयाने त्यांना नंतरही सोडले नाही. ज्या तीक्ष्ण बुद्धीने षड्दर्शने तपासली तीच नव्या श्रद्धेच्या प्रत्येक कलमावर चालत राहिली, आणि एका ख्रिस्ती पंथातून दुसऱ्याकडे त्यांना नेत राहिली. तर्काने आलेल्याला तर्क कधीही बाहेर बोलावू शकतो. घरात जन्मलेल्याला ही भीती नसते. म्हणून तो अधिक निश्चिंत असतो, अधिक बरोबर असतोच असे नाही.

५

गोरे १८९५ मध्ये वारले. मराठी मनाच्या इतिहासात हे वर्ष विलक्षण आहे. त्याच वर्षी १० फेब्रुवारीस मुंबईत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि १७ जूनला पुण्यात गोपाळ गणेश आगरकर निवर्तले.

टिळकांच्या धर्मांतराचा प्रारंभ याच मध्य प्रांतातील आगगाडीत झाला. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना डब्यात भेटलेल्या एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार वाचावयास दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळक त्याच्या आधीपासूनच जातिभेदरहित अशा धर्माच्या शोधात होते, हे ध्यानात घेतले म्हणजे पुस्तकाचा परिणाम एवढा का झाला ते कळते. बी कोठूनही येते. जमीन आधी तयार असावी लागते. लक्ष्मीबाईंचा मार्ग अगदी वेगळा. पतीच्या धर्मांतराने त्यांचा संसार मोडला. पतीचे म्हणणे त्यांना पटले नव्हते. त्यांच्या मनातील पहिला पालट धर्मग्रंथावरून झालाच नाही. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांना एके दिवशी पडला, आणि माणसाने केल्या असे उत्तर मिळताच त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा पुढे आला. 'स्मृतिचित्रे'मधील हा प्रसंग मला आपल्या वाङ्मयातील वैचारिक परिवर्तनाचा सर्वांत स्वच्छ पुरावा वाटतो. आणि तो विदुषी म्हणविल्या न गेलेल्या एका बाईने दिला आहे.

आगरकरांनी तर प्रस्तुत प्रश्नावर थेट लिहिले. 'देवतोत्पत्ति' या निबंधात देवतांच्या कल्पना माणसाच्या मनात कशा उगवल्या, याचे विवेचन त्यांनी केले आहे. त्यावर स्पेन्सरची छाया स्पष्ट आहे. स्वप्न, मृत्यू, पूर्वजांची आठवण यांतून आरंभीच्या माणसाने अदृश्य शक्ती कल्पिल्या, ही त्या विचाराची दिशा. मराठीत श्रद्धेकडे चिकित्सेचा विषय म्हणून इतक्या निर्भयपणे पाहणारे लेखन त्यापूर्वी क्वचितच झाले होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापून पुरोहितांच्या मध्यस्थीवर घाव घातला होता. पण 'निर्मिक' त्यांनी ठेवला होता. आगरकरांनी त्याचीही आवश्यकता मानली नाही.

तरी 'देवतोत्पत्ति'ची मर्यादा सांगितली पाहिजे. ती आदिमानवाच्या देवांची उत्पत्ती सांगते. आगरकरांच्याच शहरात, आगरकरांइतकेच इंग्रजी ग्रंथ वाचलेले रानडे आणि भांडारकर प्रार्थना समाजात का जात होते, ते सांगत नाही. मिल दोघांनीही वाचला. एकाला तो ईश्वरापासून दूर घेऊन गेला, दुसऱ्याला नाही. पुस्तकांत याचे उत्तर नाही. ते स्वभावात, स्नेहसंबंधांत आणि दुःखाला सामोरे जाण्याच्या रीतीत शोधावे लागते. आणि आगरकरांनी आदिमानवाला लावलेले माप त्यांनाही लावता येते: टेंभूचे दारिद्र्य, अकोल्यातील शिक्षण, डेक्कन कॉलेजातील ग्रंथ, टिळकांशी झालेली मैत्री आणि तिचा भंग. या सर्वांनी त्यांचा अविश्वास घडविला. पण एखाद्या मताची जडणघडण सांगितली म्हणजे ते खोटे ठरते असे नाही. आस्तिकाचेही नाही आणि नास्तिकाचेही नाही. हा न्याय सर्वांना सारखाच लागू व्हावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

पुण्यातील सनातन्यांनी जिवंतपणी आगरकरांची प्रेतयात्रा काढली. दम्याने जर्जर झालेल्या या माणसाने आपल्या अंत्यविधीसाठी वीस रुपये पुडीत बांधून ठेवले होते, हे प्रसिद्धच आहे. परलोक न मानणारा माणूस मेल्यावर इतरांना आपला भार होऊ नये याची काळजी घेतो. आचाराचा आधार परलोकाचे भय हाच असतो, असे ज्यांना वाटते, त्यांनी या वीस रुपयांचा विचार करावा.

६

आणखी एका घटनेचा उल्लेख केल्याशिवाय या प्रदेशाचा इतिहास पुरा होत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना स्वतः दिली. नागपूर तेव्हा जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते. अठरा दिवसांनी राज्यपुनर्रचना झाली आणि जबलपूर-नागपूर यांच्यामध्ये सीमा आली. हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा येवल्यास १३ ऑक्टोबर १९३५ रोजी झाली होती. मध्ये एकवीस वर्षे गेली. इतका दीर्घ, इतका उघड आणि इतका सामुदायिक असा धर्मविचार जगाच्या इतिहासात विरळा.

येथे श्रद्धेची आतापर्यंत पाहिलेली सारी कारणे एकत्र येतात, आणि एक नवे त्यांत भर घालते: प्रतिष्ठा. ज्या धर्मात माणूस म्हणून स्थान नाही, त्या धर्माची प्रमाणे कितीही सूक्ष्म असली तरी ती ऐकावी कोणी? गोपाळपूरच्या विधवेला बाहेर पडण्याची वाट नव्हती. नागपुरात लाखो लोकांसाठी वाट बांधली गेली. आणि ती कोठे गेली? ईश्वर न मानणाऱ्या, पण शील, वंदना आणि संघ मानणाऱ्या धम्माकडे. बावीस प्रतिज्ञांतील अनेक प्रतिज्ञा नकाराच्या आहेत. तरी हा नुसता नकार नव्हता. पांढरी वस्त्रे होती, त्रिशरण होते, एकत्र उच्चारलेले शब्द होते. बुद्धीने निवडलेल्या विचारालाही विधी लागला. याला आस्तिक म्हणावे की नास्तिक? प्रश्नच अपुरा आहे, हे उघड आहे.

२०११ च्या जनगणनेत सुमारे एकोणतीस लाख लोकांच्या धर्माची नोंद नाही. यांतील किती जण नास्तिक, हे त्या आकड्यावरून ठरत नाही. आणि धर्म नोंदविणाऱ्यांतील किती जणांचा विश्वास आहे, हेही ठरत नाही. जनगणना घर मोजते, मन मोजत नाही. परंतु २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, तेव्हा जिवंतपणी निघालेल्या आगरकरांच्या प्रेतयात्रेपासून आपण कोठे आलो आहोत, हे निराळ्या रीतीने मोजले गेले. आगरकरांच्या विरोधकांनी पुतळा नेला होता.

७

शेवटी थोडे घरचे. माझी आजी दरवर्षी नर्मदा जयंतीला, माघ शुद्ध सप्तमीस, ग्वारीघाटावर द्रोणात दिवा सोडावयास जात असे. वडील नास्तिक होते. आगरकरांचे निबंध त्यांच्या टेबलावर कायम असत. तरी थंडीत पहाटे उठून आजीला घाटावर नेण्याचे काम त्यांनी तिच्या अखेरपर्यंत दुसऱ्या कोणाकडे सोपविले नाही. पायऱ्या निसरड्या, म्हणून ते तिचा हात धरून एक एक पायरी उतरत. ती दिवा सोडी. ते काठावर उभे राहत. नमस्कार मात्र करीत नसत, आणि तिनेही कधी करावयास सांगितला नाही.

मी महाविद्यालयात गेल्यावर एकदा दोघांनाही विचारले. आजी म्हणाली, 'माझी आई सोडायची.' वडील म्हणाले, 'मला पटत नाही, पण तिच्या पायाखाली पायरी असायला हवी.' पुढे मी या विषयावरचे पुष्कळ ग्रंथ वाचले. आजीच्या उत्तरात परंपरेची, आणि वडिलांच्या उत्तरात विवेकाची जी बाजू आहे, तिच्यात भर घालणारे त्यांत बरेच होते. पण त्या दोघांना एकाच पायरीवर उभे राहता आले, याचे कारण त्यांपैकी कोणत्याही सिद्धांतात मला मिळाले नाही. ते बहुधा सिद्धांताच्या बाहेर, आणि अभ्यासकाने अजून पुरेसे न पाहिलेल्या जागी असावे.